शून्य पूर्णांक एक्केचाळीस

बुधवारी सकाळी साडेनऊ वाजता मी पुकातेआ नदीच्या नोंदींचं वर्ष उघडलं, तर माझा आकडा जागेवर नव्हता. त्याच्या जागी दुसराच कुणी बसला होता, चांगली मांडी ठोकून. तेवीस फेब्रुवारी, दुपारी एक चाळीस, मोजणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव, विभावरी, आणि प्रवाहाच्या रकान्यात 0.89. म्हणजे सेकंदाला आठशे नव्वद लिटर. मी चहाचा कप खाली ठेवला. त्या दुपारी मी त्या नदीत उभी होते. पाणी माझ्या पोटरीच्या वर कुठंच चढत नव्हतं आणि सगळी मोजणी झाल्यावर उत्तर आलं होतं ०.४१. चारशे दहा लिटर. आईला लेकराचं जन्मतानाचं वजन पाठ असतं, तसा तो आकडा मला पाठ आहे. तरी दोन मिनिटं मी स्वतःवरच संशय घेतला, कारण परदेशात एकोणीस वर्षं काढली की आपलंच काहीतरी चुकलं असेल असं म्हणायची सवय लागते. मग मी त्या दिवशीच्या कार्डाचा फोटो उघडला. पेन्सिल, माझं अक्षर, बावीस ओळी आणि खाली गोलात ०.४१. तेव्हा कळलं. आधी हसू आलं, इतकं मोठ्यानं की पलीकडच्या टेबलावरच्या माणसानं मान वर केली. मग हसू गेलं.

मराठी चार म्हणजे इंग्रजी आठाचा भाऊ, फक्त टोपी काढलेला. मराठी एक म्हणजे त्यांचा नऊ. शून्य, दोन आणि तीन तर दोन्ही घरी सारखेच, त्यामुळे आपण परक्या दारात उभे आहोत हे वाचणाऱ्याला समजतसुद्धा नाही. माझ्या ०.४१ चा 0.89 असा झाला होता. चूक कुणाची म्हणाल तर माझी, मी ती त्याच बुधवारी लेखी कबूल केली. ऑफिसच्या कामात मराठी आकडे लिहायचे नसतात एवढं मला समजतं. पण फेब्रुवारीतल्या त्या दुपारी, इथल्या भर उन्हाळ्यात, एकतीस डिग्री होतं, टॅब्लेट उन्हानं तापून काळा पडला आणि हातातलं यंत्र आकडे दाखवत होतं पण साठवत नव्हतं. मी खिशातलं कार्ड काढलं. टेप एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत बांधलेली, एका हातात खोली मोजायची दांडी, दातात पेन्सिल. दर हातभर अंतरावर थांबायचं, खोली बघायची, वेग बघायचा, लिहायचं, पुढे सरकायचं. पाण्यात उभं असताना मी मराठीत मोजते. डोळे इंग्रजी आकडा बघतात, मनात त्याचं मराठीत नाव उठतं आणि हात त्या नावाचं ऐकतो. प्रेम, भांडण आणि पाढे माणूस ज्या भाषेत शिकतो त्याच भाषेत करतो, त्याला मी काय करू.

एरवी ते कार्ड मीच दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरमध्ये घातलं असतं. पण दुसऱ्या दिवशी आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझं पुण्याचं विमान होतं. म्हणून नदीवरून परतताना मी शुभमला फोन केला. शुभम आमच्या नोंदींचा प्रमुख, माझ्याहून चौदा वर्षांनी लहान, नाशिकचा. "शुभम, पाणी फारच कमी आहे, काठावरचं यंत्र दाखवतंय त्याच्या निम्म्याहून कमी. कार्ड टेबलावर ठेवते, आजच्या आज बघ," मी म्हणाले. तो म्हणाला, "स्वीट अ‍ॅज, ताई. बघतो मी." ते 'स्वीट अ‍ॅज', म्हणजे इकडचं 'काळजी नको', मी विमानात पांघरून झोपले. इकडे सुट्टीच्या कामाला आलेल्या एका मुलीनं कार्डावरचा फक्त शेवटचा आकडा उचलला आणि टाइप केला. बाकीच्या बावीस ओळी तिला गिचमिड वाटल्या असणार. त्या वाचायची गरजही नव्हती, कारण नदीकाठच्या यंत्राचा आकडा होता 0.86 आणि तिला दिसला 0.89. जुळला. जुळलेल्या आकड्याला कुणी त्याचं गाव विचारत नाही.

यंत्राचीही गंमत आहे. यंत्र पाणी मोजत नाही, पाण्याची उंची मोजतं आणि त्यावरून प्रवाहाचा अंदाज सांगतं. उन्हाळ्यात नदीत शेवाळ आणि पाणगवत माजतं, पाणी तुंबतं, मोरी तुंबल्यावर चढतं तसं वर चढतं. यंत्राला वाटतं नदी भरून वाहतेय. प्रत्यक्षात ती दमलेली असते. म्हणून तर आमच्यासारख्यांना अधूनमधून नदीत उतरवतात, की बाई, तू जाऊन बघ यंत्र खरं बोलतंय का. मी बघितलं. ते खरं बोलत नव्हतं. पुकातेआचा प्रवाह सहाशे लिटरच्या खाली गेला की वरच्या शेतांचे सगळे पंप बंद करायचे, असा नियम आहे. चारशे दहा असताना पंप अकरा दिवस चालू राहिले, सहा मार्चला पाऊस येईपर्यंत. त्या अकरा दिवसांत खालच्या डोहांमध्ये काय झालं ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही, कारण आमच्या नोंदीप्रमाणे तिथं काहीच झालं नाही. आता ऑगस्ट होता, इकडचा हिवाळा. शुक्रवारी बाहेरची तपासनीस येणार, वर्ष तपासणार आणि त्याला कुलूप लावणार. एकदा कुलूप लागलं की पुढची पन्नास वर्षं कुणीही पुकातेआचा सर्वांत कोरडा दिवस शोधायला आलं तरी त्याला तो सापडणार नव्हता. आणि तेवीस फेब्रुवारीचं पाणी पुन्हा मोजता येत नाही. ते समुद्राला मिळून सहा महिने झाले.

शुभम मला किटलीपाशी भेटला. माझी कबुली वाचून त्याला सगळं आधीच कळलेलं होतं, चेहऱ्यावरूनच दिसत होतं कुठं पाणी मुरतंय ते. तो शिकायला म्हणून या देशात आला, ओटाहुहूच्या एका डेअरीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, गल्ल्यावर उभं राहून त्यानं दोन वर्षं काढली, आणि इथपर्यंत पोचला तो स्वतःच्या हिमतीवर. मला त्याचं कौतुक आहे, अजूनही आहे. "ताई, ऐका ना," तो म्हणाला. "मी त्या दिवसाला 'मिसिंग' कोड टाकतो. एटी-नाइन नको, फॉर्टी-वन पण नको. मोजणी झालीच नाही. तुमच्यावर ऑपरेटर एररपण येणार नाही. नो हार्म डन."

"मग मी तिथं काय करत होते? टॉग्ज घालून पोहायला गेले होते?"

"तसं नाही हो. कार्ड वाचता येत नाही म्हटल्यावर..."

"तुला येतं."

त्यानं कपातली पिशवी वर-खाली केली. आमचा नियम असा की आपण मोजलेला आकडा आपण तपासायचा नाही. दुसऱ्या कुणीतरी कार्ड वाचायचं, बेरीज करायची, सही करायची, तरच तो नोंदीत जातो. आणि अख्ख्या ऑफिसात माझं कार्ड वाचू शकणारा दुसरा माणूस हा एकच. "ताई, मी वाचलं तर सगळे काय म्हणतील? दोघं इंडियन, सांभाळून घेतायत एकमेकांना. आणि मार्चच्या रिपोर्टवर माझी सही आहे, नदी लिमिटच्या वर होती म्हणून. शेतकऱ्यांचे वकील, आमचे वकील... कशाला? पाण्यात राहून माशाशी वैर कशाला घ्यायचं?"

"पाण्यात मी होते, शुभम," मी म्हणाले. "तू उंटावर होतास." शेळ्या मी गाळल्या. त्याला कळल्या.

संध्याकाळी हेवर्ड्सच्या चढावर वायपर जोरात लावून मी जॉन्सनव्हिलला घरी परतत होते. गाडीत हीटर चालू होता. पोटऱ्यांना त्या नदीचं पाणी आठवत होतं. वरून ऊन आणि खाली गुडघ्यापर्यंतही न पोचणारं कोमट पाणी, दगडांवरचं बुळबुळीत हिरवं, आणि माझ्या बुटांमागं लपायला बघणारे बोटाएवढे मासे, कारण दुसरीकडे कुठं सावलीच उरलेली नव्हती. माझ्याबरोबर तेव्हा आमच्या ऑफिसातला हेमी होता, वरच्या अंगाला गवत उपटत. हेमी आता पर्थला, इथल्या हुशार माणसांपैकी निम्म्यांसारखा. वाटेतच मी त्याला फोन लावला. "किया ओरा, सिस! लो अ‍ॅज होती ती. हीप्स ऑफ वीड. पण आकडा मी नाही बघितला, खोटं कसं सांगू?" बरोबरच होतं त्याचं. घरी लेकीला, ऋचाला सांगितलं. ती तेरा वर्षांची, मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. तिनं शांतपणे पास्ता ढवळत विचारलं, "मम, व्हाय कान्ट यू जस्ट राइट नॉर्मल नंबर्स?" नॉर्मल. हा शब्द घरातच वाढला होता आणि मला पत्ता नव्हता. "माझे नॉर्मलच आहेत," मी म्हणाले आणि जरा जास्तच जोरात म्हणाले. ऋचानं गॅस बारीक केला. माझे वडील असते तर त्यांनी तिला पाटीवर अंक गिरवायला बसवलं असतं. पण माझे वडील म्हटलं की मला अंक गिरवणारा हात आठवत नाही. पुसणारा आठवतो.

अप्पा पाटबंधारे खात्यात होते, दीनानाथ नाव, पण सगळे नानासाहेब म्हणत, साहेब कधीच नसताना. पुलाच्या खांबावर रंगवलेली एक उंच पट्टी होती. दिवसातून तीनदा जाऊन पाणी कितव्या रेघेला आहे ते बघायचं आणि वहीत लिहायचं, एवढंच त्यांचं काम. एवढंच, पण त्यात त्यांचा केवढा रुबाब! इस्त्रीचा शर्ट घालून ते पाणी बघायला जात. मी अकरा वर्षांची असताना त्यांना ताप आला आणि त्यांनी मला पाठवलं. मी पुलाखाली उतरले, पट्टी दोनदा वाचली, आकडा तोंडानं घोकत धावत आले आणि तो सांगितला. अंथरुणातूनच त्यांनी तो पेन्सिलीनं वहीत लिहिला. माझा आकडा सरकारी वहीत! मी दारात उभी राहून त्या वहीकडे बघत होते. तासाभरानं शेजारच्या दुकानात फोन आला, साहेबांचा. अप्पा शाल पांघरून गेले, परत आले, खोडरबर शोधलं आणि माझा आकडा पुसून दुसरा लिहिला. पुसल्याचा भुगा त्यांनी फुंकर मारून उडवला. मला त्या फुंकरीचा आवाज आजही ऐकू येतो. मी काही विचारलं नाही, मला वाटलं मी चुकीचं वाचलं. रडू आलं ते त्याचंच. रात्रीचं ताट वाढलं तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू बरोबर वाचलं होतंस." बस्स. जेवायला लागले. त्यानंतर त्यांनी पेन्सिल सोडली आणि निवृत्त होईपर्यंत बॉलपेननं लिहिलं, पण माझा आकडा काही परत आला नाही. अप्पांना मी त्याबद्दल कधी माफ केलं की नाही, ते मला सांगता येत नाही. नदीत उतरण्याची नोकरी मी का धरली हे लोक विचारतात तेव्हा मी सांगते की मला मोकळ्या हवेची आवड आहे.

दोन दिवस मी नीट झोपले, याचं मलाच नवल वाटलं. प्रसादनं, माझ्या नवऱ्यानं, त्याच्या पद्धतीनं समजूत घातली, "तुझं खरं आहे गं, पण प्रॅक्टिकली बघितलं तर..." 'पण' आल्यावर मी पुढचं ऐकत नाही, वीस वर्षांचा सराव आहे. मला पटत नव्हती ती एकच गोष्ट. 0.89 ही चूक होती. चूक मला चालते, चूक माणसं करतात. पण 'मिसिंग'? मी नव्हतेच? नदी नव्हतीच? रिकामी जागा ठेवून सगळ्यांनी सुखानं राहायचं, आणि ती रिकामी जागा म्हणजे मी. अकराव्या वर्षी मी दारात उभी होते आणि गप्प होते. आता सत्तेचाळिसावं चालू आहे आणि गप्प राहायला माझ्याकडे काही कारण उरलेलं नाही. फार तर माझा मोजणीचा परवाना काढून घेतील, पुन्हा परीक्षेला बसवतील. बसवा. परीक्षेत मी कधी पडले नाही.

शुक्रवारी दहा वाजता तपासनीस आली. हेदर तिचं नाव, साठीची, जाड चष्मा, हातानं विणलेला स्वेटर. लांबच्या एका जिल्ह्यात तिनं आयुष्यभर नद्या मोजल्या होत्या आणि तिच्या हातांवर ते दिसत होतं. मला ती आवडली, म्हणून मी सावध झाले. टेबलाच्या एका बाजूला ती, समोर शुभम, मध्ये माझं कार्ड, फोटो नव्हे, खरं कार्ड, कोपरा पाण्यानं फुगलेला. शुभमनं सगळी हकिकत व्यवस्थित सांगितली. एकही शब्द खोटा नव्हता आणि तरी त्यात नदी कुठं नव्हती. शेवटी हेदरनं मला विचारलं, तुझ्या मते प्रवाह किती होता.

"शून्य पूर्णांक एक्केचाळीस," मी म्हणाले. शाळेत म्हणायचो तसं, स्पष्ट. मग इंग्रजीत सांगितलं.

"आणि हे तुझ्याशिवाय कुणी वाचू शकतं?"

मी शुभमकडे पाहिलं. गणपतीत माझ्या घरी भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरवरून तारखा मोजत चतुर्थी यानंच शोधून दिली होती, तोंडात मोदक असताना. त्यानं टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला. "मी इंग्लिश मीडियमचा," तो हेदरला इंग्रजीत म्हणाला. "मी खात्री देऊ शकणार नाही. सॉरी."

खाली मान घालून म्हणाला असता तर मला कदाचित त्याची कीव आली असती. तो सरळ तिच्याकडे बघून म्हणाला. पोटऱ्यांना पुन्हा ते पाणी लागलं, तळवे दगडांवर घट्ट बसले. मी उठले. भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर कुणाचं तरी गेल्या आठवड्याचं नियोजन होतं, ते पुसलं. आयुष्यात पुसलेली ती एकच गोष्ट असेल. मार्कर घेतला आणि हातभर मोठे लिहिले: १, २, ३, ४, ५, ६, ७, ८, ९, ०. प्रत्येकाखाली त्यांचा.

"दहाच आहेत," मी हेदरला म्हणाले. "दहा मिनिटांत येतात. तुमचे मी पाचवीत शिकले. कार्ड तुम्ही वाचा, बेरीज तुम्ही करा. मी एक शब्द बोलणार नाही. तुमची बेरीज खालच्या गोलातल्या आकड्याशी जुळली तर तो लिहायचा. नाही जुळली तर मी स्वतः 'मिसिंग' टाकते आणि सही करते."

"विभावरीताई," शुभम हळूच म्हणाला, मराठीत. "प्लीज."

हेदरनं फळ्याकडे पाहिलं, कार्डाकडे पाहिलं. मग चष्मा काढून स्वेटरला पुसला, पुन्हा चढवला. "राइटो," ती म्हणाली आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

पहिलीतल्या मुलीसारखी वाचत होती. बोट कार्डावर, नजर फळ्यावर, ओठ हलतायत. "झिरो... पॉइंट... वन... टू." लिहिलं. पुढची ओळ. "झिरो पॉइंट वन... फोर." तिनं थांबून दोन्ही अंक पुन्हा तपासले आणि तिचं तिलाच हसू आलं. त्या चौदा सेंटिमीटरचे तिनं इंग्रजी डोळ्यांनी अठ्ठ्याण्णव वाचले असते, तर मी, पाच फुटांची बाई, त्या जागी कमरेच्या वर बुडाले असते. नदीत उभी राहिलेली बाई होती ती, तिला ते लगेच दिसलं. तिसरी, चौथी, पाचवी. खिडकीबाहेर अप्पर हटचा पाऊस, आडवा. मी फळ्याला पाठ लावून ओठ मिटून उभी. काठापासून मधल्या धारेकडे ती माझ्याच पावलांवरून येत होती, दर हातभर थांबत. मला प्रत्येक ओळीचा दगड आठवत होता.

सहाव्या ओळीवर ती अडखळली. तिथं ०.२५ होतं, पण माझा पाच मला माहीत आहे, घाईत त्याचं पोट आत जातं. तिनं फळ्यावर शोधलं, कार्ड डोळ्यांजवळ नेलं, खाली ठेवलं. "झिरो पॉइंट टू... फोर," ती म्हणाली आणि पेन टेकवलं.

चूक. एका सेंटिमीटरची, आणि नदी त्या जागी सगळ्यांत जोरात होती. मी दातावर दात धरले. एक शब्द बोलणार नाही असं म्हणून चुकले होते. अशी दोन-चार झाली की बेरीज जुळणार नव्हती आणि मी माझ्याच सहीनं रिकामी होणार होते. मार्करचं टोपण माझ्या मुठीत रुतलं.

"फाइव्ह," शुभम म्हणाला.

टेबलाच्या पलीकडून, उलटं कार्ड वाचून. त्याचं त्यालाही कळलं नसावं, आधी आवाज आला आणि मग त्याचा चेहरा. हेदरनं पेन उचललं, चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, आणि पाहतच राहिली. त्याचे कान लाल झाले होते. तो तिच्याकडे बघेना, माझ्याकडे बघेना, कार्डाकडे बघत होता, त्या पाचाकडे, ओळखीचं माणूस रस्त्यात भेटल्यावर बघावं तसा.

मी मार्कर खाली ठेवला. बोलायचं नाही असं मीच ठरवलं होतं. पण ते आकड्यांबद्दल होतं.

"बरोबर वाचलंस," मी म्हणाले. "आता पुढची ओळ वाच."